फोटोचे माप आणि फाइलचे वजन

सोलापुरी चादरींचे फोटो बाहेरगावच्या व्यापाऱ्याला ई-मेलने पाठवायचे असले, की ‘फोटो लहान करून पाठवा’ असा निरोप हमखास येतो. या ‘लहान’ शब्दात दोन निराळी कामे आहेत. पहिले काम म्हणजे फोटोचे माप कमी करणे, अर्थात त्यातील पिक्सेल, म्हणजे चित्र ज्या बारीक चौकटींचे बनते त्या, घटवणे. दुसरे म्हणजे पिक्सेल तेवढेच ठेवून फाइल दाबून हलकी करणे. दोन्हींनी एमबी उतरतात म्हणून गल्लत होते, पण फोटोतून जे हरवते ते दोन्ही वेळा सारखे नसते.

जॅकार्डचे (मागावर नक्षी विणण्याच्या यंत्राचे) डिझाइन चौकटीच्या कागदावर उतरताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पिक्सेल वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. 12 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे आडव्या 4000 आणि उभ्या 3000 चौकटींचा कागद. तोच फोटो 1600 बाय 1200 वर आणला, तर 1 कोटी 20 लाखांऐवजी 19 लाख 20 हजार चौकटी उरतात, म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा. पडद्यावर पाहायला तेवढ्या पुरतात. मात्र इंचाला 300 पिक्सेल या हिशेबाने छापायचे झाले, तर सव्वापाच इंचांच्या आसपास रुंदी मिळते. (पिक्सेल न बदलता नुसता 300 चा आकडा 72 केला की फाइल हलकी होते, हा गैरसमज फार पसरलेला आहे; तसे होत नाही.)

फाइल दाबण्याची रीत वेगळी आहे. जेपेग हा फोटोच्या फाइलचा प्रकार चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे तुकडे पाडतो आणि डोळ्यांना सहसा जाणवणार नाहीत असे बारकावे सोडून देतो. उजेड-सावलीपेक्षा रंगाच्या तपशिलाला तो बहुधा अधिक कात्री लावतो. चादरीच्या फोटोत नेमके हेच महागात पडते. एकदा मी काळ्या जमिनीवर लाल फुले असलेल्या चादरीचा फोटो, सेव्ह करताना निवडायचा गुणवत्तेचा आकडा फारच खाली ओढून, एका व्यापाऱ्याला पाठवला. त्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, “रंग पसरतोय का हो याचा?” चादरीचा रंग पक्का होता, फुलांच्या कडांशी लाली पसरली होती ती फाइल दाबल्यामुळे. रंगाच्या पक्केपणावर ज्या मालाची पत ठरते, त्याच्याबद्दल असा संशय आपल्याच हातून निर्माण व्हावा, याचे मला फार वाईट वाटले.

म्हणून मी आधी माप कमी करतो आणि मग गुणवत्ता 80 च्या आसपास ठेवून एकदाच सेव्ह करतो, कारण जेपेग बदलून पुन्हा पुन्हा सेव्ह केला की दर वेळी थोडे आणखी हरवते. माप कमी करण्यातही एक धोका आहे: टर्किश टॉवेलसारख्या बारीक, एकसारख्या विणीवर कधी कधी मुळात नसलेले पट्टे उमटतात, त्यामुळे पाठवण्यापूर्वी फोटो पूर्ण आकारात उघडून पाहावा. जेपेगची झिप करून फारसे काही साधत नाही.

ई-मेलला जोडलेली फाइल वाटेत सुमारे एक तृतीयांशाने फुगते, हेही हिशेबात धरावे लागते. जीमेलची मर्यादा 25 एमबी असली तरी समोरच्याची मर्यादा कमी असेल, तर मेल परत येतो. कॅटलॉग छापण्यासाठी फोटो मागितले असतील, तर माप आणि वजन या दोहोंना हात न लावता मूळ फाइलची गूगल ड्राइव्हवरची लिंक पाठवावी.