मेल्व्हिल, हर्मन

(१ ऑगस्ट १८१९ – २८ सप्टेंबर १८९१). अमेरिकन कादंबरीकार, कथाकार व कवी. ‘मोबी-डिक’ (१८५१) ही त्याची कादंबरी आज अमेरिकन साहित्यातील सर्वश्रेष्ठ कृतींत गणली जाते. त्याच्या हयातीत तिच्या जेमतेम ३,२०० प्रती खपल्या. ही उपेक्षा केवळ वाचकांच्या अरसिकतेने झाली असे मानणे बरोबर नाही. पुस्तके कशी छापली गेली, कोणी कापली आणि कोणत्या अपेक्षेने विकली गेली, याचा त्यात मोठा वाटा आहे.

त्याचा जन्म न्यूयॉर्क शहरातला. वडील ॲलन फ्रान्सहून उंची माल मागवून विकत. १८३० मध्ये धंदा बुडाला, कुटुंब ऑल्बनीला गेले आणि दोन वर्षांत वडील वारले. शिक्षण तुटक झाले. बँकेतली कारकुनी, भावाच्या दुकानातले काम, शाळामास्तरकी असे करत १८३९ मध्ये तो ‘सेंट लॉरेन्स’ या व्यापारी जहाजावरून लिव्हरपूलला जाऊन आला.

३ जानेवारी १८४१ रोजी तो ‘ॲकुश्नेट’ या देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर निघाला. अशा जहाजांवर पगार नसे, वाटा असे. सफर संपल्यावर तेलाच्या निव्वळ किमतीचे भाग पाडत. मेल्व्हिलचा वाटा १७५ वा, म्हणजे एकूण रकमेचा १७५ वा हिस्सा. आकडा मोठा तितका वाटा लहान. ‘मोबी-डिक’मध्ये निवेदक इश्माएलला आधी ७७७ वा वाटा देऊ करतात आणि शेवटी ३०० व्यावर सौदा ठरतो. हा प्रसंग वाचताना हा हिशेब ध्यानात नसेल तर मालकांचा कंजूषपणा लक्षातच येत नाही.

जुलै १८४२ मध्ये मार्केसास द्वीपसमूहातल्या नुकु हिवा बेटावर तो आणि त्याचा सोबती टोबी ग्रीन जहाजावरून पळाले. तैपी लोकांच्या खोऱ्यात तो सुमारे महिनाभर राहिला. पुढे दुसऱ्या जहाजावरच्या बंडात सामील झाल्याबद्दल ताहितीत अटक, मग हवाई आणि शेवटी ‘युनायटेड स्टेट्स’ या युद्धनौकेवर नाविक, असे करत तो ऑक्टोबर १८४४ मध्ये बोस्टनला उतरला.

‘टायपी’ (१८४६) या पहिल्या पुस्तकात त्या महिन्याचे चार महिने झाले आहेत. लंडनचे प्रकाशक जॉन मरे यांना हे सारे खरे घडले का अशी शंका होती. पुस्तक निघाल्यावर स्वतः टोबीच अमेरिकेत प्रकट झाला आणि त्याने दुजोरा दिला. मिशनऱ्यांवरची टीका मात्र सुधारित अमेरिकन आवृत्तीतून काढली गेली. ‘ओमू’ (१८४७) हा पुढचा भाग. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांच्या मुलीशी, एलिझाबेथशी, त्याचे लग्न झाले. ‘मार्डी’ (१८४९) या रूपकात्मक कादंबरीने वाचक बिचकले. संसार चालवायचा होता, म्हणून ‘रेडबर्न’ (१८४९) आणि ‘व्हाइट-जॅकेट’ (१८५०) ही पुस्तके त्याने १८४९ च्या उन्हाळ्यात काही महिन्यांत लिहून काढली. घाईत लिहिली असली तरी ती हलकी नाहीत. नौदलातल्या फटक्यांच्या शिक्षेची ‘व्हाइट-जॅकेट’मधली वर्णने आजही अंगावर येतात.

५ ऑगस्ट १८५० रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या मॉन्युमेंट माउंटनच्या सहलीत त्याची कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्नशी भेट झाली. त्याच वर्षी त्याने जवळच पिट्सफील्डला ॲरोहेड हे शेतघर घेतले. ‘मोबी-डिक’ तिथे पुरी झाली आणि ती हॉथॉर्नलाच अर्पण केली आहे. १८२० मध्ये देवमाशाच्या धडकेने बुडालेल्या ‘एसेक्स’ जहाजाच्या ओवेन चेसने लिहिलेल्या हकिगतीचा आणि थॉमस बील याच्या देवमाशांवरील ग्रंथाचा त्याने भरपूर वापर केला.

मोबी-डिक या देवमाशाचा पाठलाग करणाऱ्या कप्तान अहाबच्या या कादंबरीत १३५ प्रकरणे व एक उपसंहार आहे. देवमाशांची शरीररचना, चरबी सोलणे, तेल कढवणे यांवरची प्रकरणे कंटाळवाणी म्हणून अनेक जण गाळतात. त्यात मोठे नुकसान आहे. ६० वे प्रकरण फक्त शिकारीच्या भाल्याला बांधलेल्या एका दोराचे आहे: जाडी इंचाच्या दोन-तृतीयांश, लांबी २०० वावांहून (एक वाव म्हणजे सहा फूट) अधिक, सुमारे तीन टनांचा ताण सोसणारा. तो पिंपात अतिशय काळजीने वेटाळून ठेवतात, कारण एखादा पीळ राहिला तर सुटत्या दोरासरशी माणसाचा हात, पाय किंवा अख्खा देह ओढला जातो. शेवटच्या प्रकरणात कप्तान अहाबच्या गळ्याला हाच दोर आवळतो, अगदी निमिषात. ६० वे प्रकरण वाचलेल्यालाच ते निमिष पुरते.

५५ व्या प्रकरणात मुंबईजवळच्या घारापुरीच्या लेण्यांचा उल्लेख आहे. देवमाशाचे सर्वांत जुने चित्र तिथे मत्स्यावताराच्या शिल्पात असल्याचे निवेदक सांगतो. मेल्व्हिल भारतात कधीच आला नव्हता. घारापुरीचे मुख्य लेणे शिवाचे आहे. महेशमूर्ती, अर्धनारीश्वर, गंगाधर ही तिथली प्रमुख शिल्पे, मत्स्यावतार त्यांत नाही. ही माहिती ऐकीव पुस्तकी आहे. अहाबचा गूढ साथीदार फेडाला याला ‘पारशी’ म्हटले आहे, पण त्याचाही मुंबईच्या पारशी समाजाशी खराखुरा मेळ बसत नाही.

त्या काळी अमेरिका व इंग्लंड यांच्यात स्वामित्वहक्काचा करार नव्हता. इंग्लंडमधले हक्क टिकवायचे तर पुस्तक आधी तिथे निघणे श्रेयस्कर असे. हार्पर या न्यूयॉर्कच्या प्रकाशकांचे आधीचेच सुमारे ७०० डॉलर मेल्व्हिलकडे येणे असल्याने त्यांनी आगाऊ रक्कम नाकारली. तेव्हा त्याने कर्ज काढले आणि स्वतःच्या खर्चाने अक्षरजुळणी करवून घेतली. मुद्रिते (छापून काढलेले कच्चे कागद) लंडनला प्रकाशक रिचर्ड बेंटलीकडे गेली. तिथे १८ ऑक्टोबर १८५१ रोजी तीन खंडांत ‘द व्हेल’ या नावाने ५०० प्रती निघाल्या, कारण बदललेले नाव पोहोचायला उशीर झाला. धर्म व राजघराणे यांना लागतील असे उतारे कापले. राज्याभिषेकाच्या तेलावरचे २५ वे प्रकरण पूर्ण गेले. सर्वांत वाईट म्हणजे उपसंहार छापलाच गेला नाही. इश्माएल शवपेटीच्या आधारे वाचला हे त्यातच आहे. त्यामुळे सगळे बुडाले तर ही कथा सांगतो कोण, असे इंग्रज समीक्षकांनी विचारले, आणि त्यांची नापसंती अमेरिकेतही पोहोचली. न्यूयॉर्कची पूर्ण आवृत्ती १४ नोव्हेंबरला आली, पण नुकसान व्हायचे ते झाले होते.

‘पियर’ (१८५२) सपशेल पडली. नंतर नियतकालिकांत पानाला पाच डॉलर दराने लिहिलेल्या ‘बार्टलबी’ (१८५३) आणि ‘बेनितो सेरेनो’ (१८५५) या कथा त्याच्या सर्वोत्कृष्ट लेखनात मोडतात. ‘द कॉन्फिडन्स-मॅन’ (१८५७) ही हयातीत छापलेली शेवटची कादंबरी. डिसेंबर १८६६ पासून १९ वर्षे त्याने न्यूयॉर्क बंदरात जकात निरीक्षक म्हणून रोज चार डॉलरवर नोकरी केली. १८६७ मध्ये थोरला मुलगा माल्कम बंदुकीच्या गोळीने गेला. या काळात त्याने कविताच लिहिली. सुमारे १८,००० ओळींचे ‘क्लॅरेल’ (१८७६) हे दीर्घकाव्य मामाच्या पैशाने छापले गेले.

जन्मशताब्दीच्या सुमारास (१९१९) रेमंड वीव्हर या अभ्यासकाला मेल्व्हिलच्या कागदांत ‘बिली बड’ या लघुकादंबरीची अपुरी हस्तप्रत सापडली, ती १९२४ मध्ये प्रसिद्ध झाली. खाडाखोडीमुळे तिचे वाचन अनेक ठिकाणी चुकले होते. हेफोर्ड आणि सील्ट्स या अभ्यासकांनी १९६२ मध्ये पाठ नव्याने सिद्ध केला. हातातली प्रत जुनी की नवी हे ओळखणे सोपे आहे: युद्धनौकेचे नाव ‘इंडॉमिटेबल’ असेल आणि सुरुवातीला प्रस्तावना असेल तर पाठ जुना, लेखकाने शेवटी ठरवलेले नाव ‘बेलिपोटेंट’ आहे, आणि ती प्रस्तावना त्याने स्वतःच बाजूला काढलेला मजकूर होता. पाठ न तपासता लिहिणे थोर समीक्षकांनाही भोवले आहे. ‘व्हाइट-जॅकेट’मधल्या ‘मळलेला (soiled) मासा’ या प्रतिमेची एफ. ओ. मॅथिसन यांनी १९४१ मध्ये मनापासून तारीफ केली. मूळ शब्द ‘वेटोळे घातलेला’ (coiled) असा होता, बदल नंतरच्या आवृत्तीतल्या छपाईच्या चुकीने झाला होता. अभ्यासासाठी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ व न्यूबेरी ग्रंथालय यांची १५ खंडांची आवृत्ती (१९६८–२०१७) प्रमाण मानतात.