लोडर शोधतो, कप्पा रिकामा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात हिशेबाला डेबियन लिनक्सचा संगणक आहे. बोर्ड आणि प्रोसेसर बदलल्यावर मालकांनी विचारलं, "चिप नवी घातलीया न्हवं, मग चाल जुनीच कशी?" प्रोग्राम सुरू होताना त्याला लागणाऱ्या लायब्ररी, म्हणजे सामायिक कोडच्या फायली, शोधून जोडणाऱ्या डायनॅमिक लोडरलाच मी हेल्प विचारलं. उत्तर आलं: व्ही३ पातळी, म्हणजे नव्या चिपांच्या जादा सूचनांचा एक ठरलेला संच, चालते; तिचा कप्पा, म्हणजे फोल्डर, शोधला जातो. कप्प्यात मात्र एकही लायब्ररी नव्हती.

नव्या चिपच्या सूचना वापरल्याच न जाण्याचं हे दुखणं जुनं आहे. तयार पॅकेजं वाटणाऱ्याला सगळ्यात जुनं यंत्र सांभाळावं लागतं. डेबियनचा ३२-बिटी संच कित्येक वर्षं ४८६ या इंटेलच्या जुन्या चिपवरही चालेल असा बांधलेला असे. १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये सीमूव्ह ही सूचना आली. अट तपासून, फाटा न फोडता किंमत हलवणारी. ती सरसकट वापरली तर जुनी यंत्रं बंद पडणार. म्हणून पेंटियम प्रो आणि पुढच्या चिपांसाठी (त्यांना ६८६ म्हणत) मूळ सी लायब्ररीचं 'लिबसी६-आय६८६' असं वेगळं पॅकेज निघालं. त्याच्या फायली निराळ्या कप्प्यात बसत, आणि चिप पाहून लोडर तिथून उचले. पण ते आपल्या हातानं बसवायचं, हेच अनेकांना ठाऊक नसे. २०१७ मध्ये डेबियन ९ नं पायाच (किमान लागणारी चिप) ६८६ केला आणि ते पॅकेज संपलं.

कप्प्यांची ती पद्धत तशी बेंगरूळच. टीएलएस, आय६८६, एसएसई२, सीमूव्ह अशा नावांच्या सगळ्या जोड्या लोडर धुंडाळी. एक नाव वाढलं की कप्पे दुप्पट. प्रोग्राम कोणत्या फायली मागतो ते दाखवणारं एस्ट्रेस हे साधन लावलं की 'फाईल नाही' अशा ओळींची रांगच लागे.

२०२० मध्ये एएमडी, इंटेल, रेड हॅट आणि सूझे यांनी मिळून ६४-बिटी चिपांच्या पातळ्या ठरवल्या. व्ही२ म्हणजे एसएसई४.२ या सूचनासंचापर्यंत, व्ही३ मध्ये एव्हीएक्स२ हा पुढचा संच, म्हणजे इंटेलची २०१३ ची हॅसवेल आणि पुढच्या बऱ्याचशा चिपा. फेब्रुवारी २०२१ च्या जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी, लोडर तिच्यातच येतो) २.३३ मध्ये त्यांचे कप्पे आले, २.३७ मध्ये जुनी पद्धत गेली. रेड हॅटनं तर पायाच उचलला: आवृत्ती ९ ला व्ही२, १० ला व्ही३. डेबियन ६४-बिटीच्या मूळ पायावरच थांबलं. मला ते पटतं. आमच्याकडच्या दुकानांत जुनी यंत्रं काही कमी नाहीत.

शिवाय जीलिबसी मेमकॉपीसारखी (मेमरीतला मजकूर दुसरीकडे उतरवण्याची) कामं चिप पाहून आतल्या आतच निवडते, त्याला कप्पा लागत नाही. दुकानातल्या यंत्राचं दुखणं निघालं जुन्या फिरत्या हार्डडिस्कमध्ये.