मायनर लीगमधील होतकरू खेळाडूंच्या प्रगतीचा मागोवा

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या तीसही क्लबांच्या मुख्य संघाखाली नवोदितांचे अनेक संघ असतात. या संघांना मिळून त्या क्लबची फार्म सिस्टिम म्हणतात. त्यातले जे खेळाडू पुढे मुख्य संघात पोहोचतील अशी आशा असते, ते त्या क्लबचे प्रॉस्पेक्ट. त्यांची वाढ हंगामामागून हंगाम पाहणे, ती आकड्यांत आणि प्रत्यक्ष निरीक्षणातून टिपणे आणि त्यावरून त्यांच्या भवितव्याचा अंदाज बांधणे हे बेसबॉलमधले एक स्वतंत्र शास्त्रच झाले आहे. क्लबचे स्काउट (खेळाडू हेरणारे) आणि विश्लेषक हे काम पगार घेऊन करतात, क्रीडापत्रकार करतात, आणि असंख्य चाहतेही रोज रात्री खालच्या संघांचे धावफलक चाळून ते करतात. क्रिकेटच्या वाचकाने एक फरक लक्षात ठेवावा. रणजीचा संघ राज्य संघटनेचा असतो. इथे मात्र खेळाडू एकदा करारबद्ध झाला की त्याचे प्रशिक्षण, बढती आणि बदली हे सगळे एकाच क्लबच्या हाती राहते.

पूर्वपीठिका

या पद्धतीचा पाया ब्रँच रिकी यांनी १९२० च्या दशकात सेंट लुइस कार्डिनल्समध्ये घातला. श्रीमंत क्लब तयार खेळाडू पैसे मोजून विकत घेत. तेवढा पैसा गाठीशी नसलेल्या कार्डिनल्सने लहान गावांतल्या संघांत भागीदारी घेऊन आपले खेळाडू आपणच घडवायला सुरुवात केली. बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांना हे खेळाडूंना अडकवून ठेवणे वाटे, आणि १९३८ मध्ये त्यांनी कार्डिनल्सच्या अनेक नवोदितांना करारमुक्तही केले. तरी पद्धत रुजली. रिकी पुढे ब्रुकलिन डॉजर्सकडे गेले आणि त्यांनी कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन यांना करारबद्ध केले. रॉबिन्सन १९४६ चा पूर्ण हंगाम डॉजर्सच्या माँट्रिअल येथील संघाकडून खेळले, ०.३४९ च्या सरासरीने (संधींपैकी किती वेळा यशस्वी फटका, म्हणजे हिट, बसला याचे प्रमाण) लीगमध्ये पहिले आले आणि १९४७ मध्ये मुख्य संघात दाखल झाले. मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत ब्रुकलिनमध्ये पडली असली, तरी तिला पहिला धक्का माँट्रिअलच्या संघातून बसला होता.

पायऱ्या

२०२१ मध्ये मेजर लीगने मायनर लीगची फेररचना केली. तेव्हापासून प्रत्येक क्लबचे चार पूर्ण हंगामी संघ आहेत: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि चढत्या क्रमाने सर्वांत वर ट्रिपल-ए. असे एकूण १२० संघ होतात. त्याखाली फ्लोरिडा आणि अॅरिझोनातल्या प्रशिक्षण संकुलांतल्या लीग आणि डोमिनिकन प्रजासत्ताकातली उन्हाळी लीग येते. अमेरिका व कॅनडातली मुले १९६५ पासून चालत आलेल्या ड्राफ्टमधून, म्हणजे क्लबांनी क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या पद्धतीतून, निवडली जातात, तर डोमिनिकन प्रजासत्ताक, व्हेनेझुएला वगैरे देशांतली मुले सोळाव्या वर्षापासून थेट करारावर येतात.

डबल-ए ही खरी कसोटी मानली जाते. खालच्या पायऱ्यांवर नुसत्या वेगाच्या जोरावर बॅटरला बाद करणाऱ्या पिचरची (चेंडू टाकणाऱ्याची) डाळ इथे शिजत नाही, कारण समोरचा बॅटर थांबायला शिकलेला असतो. ट्रिपल-एमध्ये होतकरूंबरोबर मेजर लीगमधून खाली आलेले अनुभवी खेळाडूही असतात. तिथे वयाची सरासरी सव्वीस-सत्तावीसच्या आसपास जाते.

आकडे कसे वाचतात

मायनर लीगचा कोणताही आकडा एकटा वाचू नये, ही या कामातली पहिली शिकवण. ०.३०० ची सरासरी एकोणीस वर्षांच्या शॉर्टस्टॉपने डबल-एमध्ये गाठली तर ती मोठी बातमी असते. तेच पंचविशीतल्या फर्स्ट बेसमनने सिंगल-एमध्ये केले तर त्याची फारशी दखल घेतली जात नाही, कारण तो आपल्यापेक्षा चार वर्षांनी लहान मुलांविरुद्ध खेळत असतो. म्हणून नोंद ठेवणारे प्रत्येक आकड्याशेजारी खेळाडूचे वय आणि त्या पायरीचे सरासरी वय मांडतात. दुसरी बाब मैदानाची. पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये अल्बुकर्कीसारखी उंचावरची मैदाने आहेत. तिथे विरळ हवेत चेंडू लांब जातो, होमरन भरपूर होतात आणि चांगल्या पिचरचीही आकडेवारी बिघडते.

सरासरीत नशिबाचा वाटा मोठा असतो, आणि ती स्थिरावायला बराच काळ लागतो. स्ट्राइकआउटचे (तीन स्ट्राइक होऊन बाद होण्याचे) प्रमाण त्यामानाने लवकर स्थिरावते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत जाणकार सरासरीआधी स्ट्राइकआउट आणि वॉक (चार चेंडू टप्प्याबाहेर पडल्याने बॅटरला मिळणारा पहिला बेस) पाहतात. समजा, एखाद्या बॅटरच्या नावापुढे चार संधींत एकही हिट नाही. वर्तमानपत्राच्या दृष्टीने तो अपयशी. पण त्यातले दोन चेंडू त्याच्या बॅटवरून ताशी शंभर मैलांच्या पुढे गेले आणि थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात बसले, स्ट्राइकआउट एकही नाही, असे असेल तर त्याचा दिवस चांगलाच गेला. ताशी ९५ मैल किंवा त्याहून जोरात मारलेला चेंडू जोरदार फटक्यांत धरतात. ट्रिपल-एच्या मैदानांवर आता चेंडूचा वेग, त्याचे फिरणे आणि फटक्याचा कोन मोजणारे कॅमेरे आहेत. तरी तिथेही सावधपणे वाचावे लागते. २०२३ पासून तिथल्या सर्व मैदानांवर स्ट्राइक-बॉलचा, म्हणजे चेंडू टप्प्यात होता की बाहेर याचा, निर्णय यंत्राच्या मदतीने होऊ लागला आणि त्याचा वॉकच्या प्रमाणावर परिणाम झाला.

यंत्रे आली तरी स्काउटचा डोळा निरुपयोगी ठरलेला नाही. स्काउट २० ते ८० या मापात गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी, आणि ८० गुण फार थोड्यांना मिळतात. बॅटरमध्ये हिट मारण्याची हातोटी, ताकद, धावण्याचा वेग, क्षेत्ररक्षण आणि फेक ही पाच अंगे पाहतात. प्रत्येक अंगाला दोन गुण देण्याची रीत आहे: एक आज काय आहे त्याचा, दुसरा उद्या काय होऊ शकेल त्याचा. या दोहोंमधले अंतर किती भरून निघाले, हे पाहणे म्हणजेच प्रगतीचा मागोवा घेणे.

बाल्टिमोरचे उदाहरण

अलीकडच्या काळात हे सर्व सर्वांत ठळकपणे दिसले ते बाल्टिमोर ओरिओल्समध्ये. २०१८ मध्ये हा संघ ११५ सामने हरला. त्याच वर्षाअखेर माइक एलायस सरव्यवस्थापक झाले आणि त्यांनी सगळी भिस्त होतकरूंवर ठेवली. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर कॅचर अॅडली रचमन आणि ४२व्या क्रमांकावर गनर हेंडरसन मिळाले. २०२१ मध्ये पुन्हा ११० पराभव झाले. त्या काळात मुख्य संघाचे निकाल पाहवत नसत, तेव्हा चाहते नॉरफोक आणि बोवी इथल्या खालच्या संघांचे धावफलक पाहून तग धरत होते. २०२३ मध्ये ओरिओल्सने १०१ सामने जिंकले.

त्याच हंगामात जॅक्सन हॉलिडे या २०२२ च्या ड्राफ्टमधल्या पहिल्या क्रमांकाच्या मुलाने डेलमार्वा, अॅबरडीन, बोवी आणि नॉरफोक अशा चारही पायऱ्या एका दमात ओलांडल्या. वय एकोणीस, सरासरी ०.३२३, आणि शंभराहून अधिक वॉक. पुढच्या हंगामाआधी तो देशातला अव्वल प्रॉस्पेक्ट मानला गेला. १० एप्रिल २०२४ रोजी तो बोस्टनमध्ये मेजर लीगचा पहिला सामना खेळला. पहिल्या दहा सामन्यांत त्याला ३४ संधींत फक्त २ हिट मिळाले, १८ स्ट्राइकआउट झाले आणि त्याला नॉरफोकला परत पाठवण्यात आले. ३१ जुलैला तो पुन्हा वर आला आणि त्याच दिवशी त्याने ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर साथीदार असताना होमरन) मारला. एप्रिलमधल्या दहा सामन्यांवरून त्याच्याविषयी मत बनवणाऱ्यांनी घाई केली, असेच म्हणावे लागते. ट्रिपल-ए आणि मेजर लीग यांतले अंतर आज इतके वाढले आहे की गुणी खेळाडूलाही ते पहिल्या उडीत पार करता येईलच असे नाही.

नियमांचा हात

खेळाडू कधी वर जाईल हे केवळ त्याच्या खेळावर ठरत नाही. क्लबची राखीव यादी चाळीस जणांची असते. अठराव्या वर्षी किंवा त्याआधी करारबद्ध झालेल्याला पाच हंगामांनंतर, त्याहून मोठ्याला चार हंगामांनंतर या यादीत घ्यावे लागते. न घेतल्यास ‘रूल फाइव्ह’ ड्राफ्टमध्ये दुसरा क्लब त्याला उचलू शकतो. म्हणून ही यादी ठरवण्याचा नोव्हेंबर महिना फार्म सिस्टिम पाहणाऱ्यांसाठी हंगामाइतकाच महत्त्वाचा असतो.

दुसरा प्रश्न सेवाकाळाचा. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात आणि सहा वर्षांनी खेळाडू कोणत्याही क्लबशी करार करायला मोकळा होतो. शिकागो कब्जने २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला हंगामाचे सुरुवातीचे दिवस खाली ठेवले. त्याचे १७१ दिवस भरले आणि मुक्ती एक वर्ष लांबली. त्याने केलेली तक्रार २०२० मध्ये फेटाळली गेली. नियमात बसले तरी हे खेळाडूवर अन्याय करणारे होते. लीग आणि खेळाडू यांच्यातल्या २०२२ च्या करारात यावर उपाय म्हणून, अव्वल प्रॉस्पेक्टला सुरुवातीपासून खेळवणाऱ्या क्लबला विशिष्ट अटींवर ड्राफ्टमधली जादा निवड देण्याची तरतूद झाली. हेंडरसन २०२३ चा सर्वोत्तम नवोदित ठरल्यावर ओरिओल्सला ती मिळाली.

याद्या आणि त्यांच्या मर्यादा

बेसबॉल अमेरिका हे नियतकालिक १९९० पासून शंभर प्रॉस्पेक्टची यादी प्रसिद्ध करते. आता अशा याद्या अनेक निघतात. त्या उपयोगी असल्या तरी भाकीत म्हणून तोकड्या पडतात. अल्बर्ट पुहोल्स १९९९ मध्ये तेराव्या फेरीत निवडला गेला. २००० चा बहुतेक हंगाम तो सिंगल-एमध्ये खेळला आणि २००१ मध्ये ३७ होमरनसह सर्वोत्तम नवोदित झाला. माइक पियाझा ६२व्या फेरीतून येऊन हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. उलट १९९१ मध्ये यांकीजनी पहिल्या क्रमांकावर घेतलेला पिचर ब्रायन टेलर खांद्याच्या दुखापतीनंतर मेजर लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नाही.

वेतन आणि राहणीमान

ही बाब आकडेवारीच्या चर्चेत फार काळ दुर्लक्षित राहिली. मायनर लीगचे खेळाडू २०२२ मध्ये खेळाडू संघटनेत आले आणि २०२३ च्या पहिल्या सामूहिक कराराने ट्रिपल-एचे किमान वार्षिक वेतन ३५,८०० डॉलर, तर सिंगल-एचे २६,२०० डॉलर ठरले. त्याआधी ते याच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी होते. अपुरे जेवण आणि दाटीवाटीच्या खोल्या यांचा खेळावर काय परिणाम होतो, हे कुठल्याही धावफलकात दिसत नव्हते.

भारतीय संबंध

२००८ च्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून पुढे आलेल्या उत्तर प्रदेशच्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले. २००९ मध्ये दोघेही फ्लोरिडातल्या सर्वांत खालच्या लीगमध्ये खेळले. आधी भालाफेक करणारा रिंकू पुढे सिंगल-एपर्यंत चढला, पण दुखापतींनी त्याची वाट अडवली. आईकडून भारतीय वंशाचा असलेला कुमार रॉकर याला टेक्सस रेंजर्सने २०२२ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडले. २०२३ मध्ये हाय-एमध्ये खेळत असताना त्याच्या कोपराचा अस्थिबंध गेला आणि शस्त्रक्रिया झाली. २०२४ च्या उन्हाळ्यात अॅरिझोनाच्या संकुलातून त्याने पुन्हा सुरुवात केली, डबल-ए आणि ट्रिपल-ए पार केले आणि १२ सप्टेंबरला सिअ‍ॅटलविरुद्ध मेजर लीगमधले पहिले चार डाव टाकताना सात बॅटर स्ट्राइकआउट केले.