अपघातानंतर 'बोलून मोकळे व्हा' हा आग्रह का नको

कारखान्यात प्रेस मशीनखाली कुणाचा हात सापडला की दुसऱ्या दिवशी अख्ख्या शिफ्टला एका खोलीत बसवायचं आणि 'काय पाहिलंत ते सांगा, मन मोकळं करा' म्हणायचं. हेतू चांगलाच असतो. न बोललेलं आत साचतं आणि पुढे आजार होतो, हा समज त्यामागे आहे. तो चुकीचा आहे.

ही पद्धत १९८०च्या दशकात अमेरिकेत अग्निशमन आणि रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांसाठी आली. मग चाचण्या झाल्या. ब्रिटनमधल्या भाजलेल्या रुग्णांच्या १९९७च्या अभ्यासात, असं बोलतं केलेल्यांपैकी २६ टक्क्यांना १३ महिन्यांनी आघातोत्तर तणावविकार (भयंकर प्रसंगानंतर तो पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येऊन छळत राहण्याचा आजार) होता, इतरांपैकी ९ टक्क्यांना. दोन्ही गट सुरुवातीला अगदी सारखे नव्हते, हे खरं. पण नंतरच्या एकत्रित आढाव्यांतही अशा एका बैठकीचा फायदा दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनाही ती नको म्हणते.

म्हणजे गप्प बसवायचं का? मुळीच नाही. ज्याला बोलायचंय त्याचं नीट ऐका. पण पाण्याचा ग्लासही हातात धरवत नाही, अशा माणसाकडून रक्ताचं वर्णन काढून घेऊ नका. त्याला मशीनपासून दूर बसवा, चहा द्या, विचारा, "दादा, घरी कळवलं का? सोडायला कुणी येऊ?" जखमी सहकाऱ्याची खरी बातमी सांगा. रजा कापू नका. बहुतेकजण काही आठवड्यांत सावरतात. महिना उलटूनही झोप उडालेली असेल, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलीमानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.