दारू आणि मारहाण : पुण्यातल्या दोन वेगळ्या वाटा

पुण्यात दारूविरुद्धची सार्वजनिक तक्रार जुनी आहे. 1880 साली नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुले यांनी शहरात वाढत चाललेल्या गुत्त्यांना लेखी विरोध केला. अबकारीच्या, म्हणजे दारूवरच्या कराच्या, उत्पन्नापायी लोकांचे संसार धुळीला मिळत आहेत, असा त्याचा रोख होता. पुढे 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला, हळूहळू सैल झाला आणि आज दारू पिण्याचा परवाना दारूबंदीच्याच कायद्याखाली मिळतो. या सगळ्या चर्चेत दारुड्याची बायको होती, पण दयेचा विषय म्हणून. तिला होणारी मारहाण ही घरातली बाब समजली जाई. ती चौकीवर गेलीच, तर ‘दारू पिऊन शिवीगाळ व मारहाण करतो’ एवढी ओळ लिहून एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, केली जाई आणि तिला त्याच घरी परत पाठवले जाई.

मारहाणीची वाट निराळी निघाली. 1982 साली पुण्यात एका नवविवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला, शहर हादरले आणि त्या अस्वस्थतेतून विद्या बाळ यांच्यासारख्या कार्यकर्त्यांचा नारी समता मंच उभा राहिला. देशभरातल्या अशाच आंदोलनांच्या रेट्याने 1983 मध्ये भारतीय दंड संहितेत कलम 498अ आले आणि पती व सासरच्यांची क्रूरता हा दखलपात्र गुन्हा ठरला. या चळवळीचा भर हुंड्यावर होता. ‘प्यायला की राक्षस, एरवी देवमाणूस’ ही सबब तिने मान्य केली नाही, आणि ते योग्यच होते : स्वतःहून केलेली नशा कायदाही बचाव म्हणून स्वीकारत नाही, आणि पिऊन आलेला हाच माणूस साहेबावर हात उगारत नाही.

तिसरी घटना 1986 ची. गर्द म्हणजे ब्राउन शुगरच्या व्यसनाने तरुण मुले पोखरली जात असताना डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या देणगीतून येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालू झाला, तेव्हा दोन्ही वाटा प्रथमच एका खोलीत आल्या. तोवर बायका चहात गुपचूप औषध कालवून नवऱ्याची दारू सोडवू पाहत. हा उपाय जिवावर बेतू शकतो.

या दोहोंचे नाते आकड्यांत दिसायला मात्र वेळ लागला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात ज्यांचे पती वारंवार दारूच्या नशेत असतात अशा 70 टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली होती. पती न पिणाऱ्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण 23 टक्के होते. मारहाण दारूविनाही होते हे दाखवणारा हा दुसरा आकडा सहसा सांगितला जात नाही. 2006 मध्ये लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने संरक्षणाचा आणि घरात राहण्याचा आदेश मिळण्याची सोय केली. पण नवरा उपचाराला दाखल झाला की ‘आता सुधारेल’ म्हणून तिला अर्ज मागे घ्यायला लावणारे नातेवाईक तिच्याच माहेरचे असतात.