बाहुल्या घेऊन वाचलं की मुलं वाचायला शिकत नाहीत?

"खेळणी हातात दिली की पोरं खेळतच बसतात, वाचन गेलं उडत, त्यापेक्षा पाटी देऊन गप्प बसवा" हे आपल्याकडे आजीबाई अजून छातीठोकपणे सांगतात. खरं तर उलटंय. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून पालघरकडच्या बोर्डीत आणि पुढे कोसबाडला शंख, शिंपले, पानं, बिया असलंच सामान घेऊन बालवाड्या चालवल्या, आणि 2023 मध्ये केंद्र सरकारने आणलेल्या 'जादुई पिटारा' या लहान मुलांच्या शिकण्याच्या साहित्याच्या पेटीतही बाहुल्या, कोडी, खेळणीच आहेत, म्हणजे हे काही फॉरेनचं फॅड नाही.

जुन्या मोज्याला दोन बटणं शिवा, हातात घाला, झाला उंदीर. हा उंदीर मुद्दाम चुकीचं वाचतो, 'मांजर'ला 'गाजर' म्हणतो, मग पोरगं खवळून "अरे मांजर आहे ते!" म्हणत शब्दावर बोट आपटतं आणि तेवढ्यासाठी शब्द नीट बघतं. शेवटची दोन अक्षरं सारखीच, घोळ कुठाय ते त्यालाच शोधू द्या.

फक्त सामानाचा ढीग नको, त्यात गोष्टच हरवते (इथे मात्र आजीबाईंचं बरोबर आहे). एका गोष्टीला एक-दोन वस्तू पुरे, आणि पुस्तक पोराला दिसेल असं मध्ये ठेवा.