घरचा स्टोरेज सर्व्हर: घरघर आणि गरमी कमी कशी कराल?

आमच्याकडून स्टोरेज सर्व्हर (घरातल्या फाइल हार्ड डिस्कवर साठवणारा, सतत चालू राहणारा संगणक) घरी नेल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्हाला हमखास फोन येतो: "हा रात्री इतका का घुमतो? तुमच्याकडे तर आवाज येत नव्हता." येत होता. पण आमच्याकडे दिवसभर इतर यंत्रांचा गलका असतो आणि सर्व्हर जाड रबरी चटईवर असतो. घरी तो लाकडी कपाटावर जाऊन बसतो, आणि सगळे झोपले की तेवढाच ऐकू येतो.

यावर बहुतेक जण जो उपाय करतात, त्याबद्दल आधी बोलू, कारण सर्वांत जास्त नुकसान त्यातच आहे: सर्व्हर कपाटात ठेवून दार लावून घेणे. अर्धा तास छान वाटते. चार डिस्कचा सर्व्हर साधारण ४० वॅट वीज खातो असे धरा. ती सगळी शेवटी उष्णताच होते. म्हणजे कपाटात ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब रात्रंदिवस पेटता ठेवल्यासारखे झाले. आतली हवा तापते, पंखा तीच हवा पुन्हा ओढतो, डिस्क तापतात, पंखा वेग वाढवतो, आणि आता बंद दारातूनही घरघर येऊ लागते. कपाटाशिवाय जागाच नसेल तर मागची फळी काढून टाका, निदान खालून हवा यायला आणि वरून जायला मोकळी वाट ठेवा.

आवाज कोणाचा, ते हाताने ओळखा

सर्व्हर ज्या टेबलावर किंवा फळीवर आहे तिच्यावर तळहात दाबून धरा. आवाज बदलला तर गुणगुणते आहे ते फर्निचर. (चालू सर्व्हर उचलून पाहू नका, आत डिस्क फिरत असतात.) मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, ५४०० फेऱ्यांची ९० वेळा. तिची थरथर पोकळ फळीत उतरली की फळी ती मोठी करते, तंबोऱ्याच्या तारेला भोपळा करतो तशी. आवाज वूंऽऽ वूंऽऽ असा चढत-उतरत असेल तर दोन डिस्कच्या वेगात केसभर फरक आहे. तारा पुरत्या न जुळलेला तंबोरा असाच बोलतो. तो बिघाड नव्हे.

आमचा आवडता उपाय अगदी साधा आहे. खाली मऊ रबर किंवा दाट फोम, त्यावर जड फरशीचा तुकडा, त्यावर सर्व्हर. रबर वजनाने थोडे दबले पाहिजे. टणक पट्टीचा उपयोग होत नाही. सर्व्हर भिंतीला टेकवू नका आणि केबल ताणलेल्या ठेवू नका, थरथर त्यांच्यातूनही जाते. मात्र डिस्कभोवती फोम गुंडाळण्याचा मोह आवरा. डिस्क आपली बरीच उष्णता धातूच्या चौकटीला देते. फोम ती वाटच बंद करतो.

पंखा

तळहात दाबूनही आवाज तसाच राहिला तर बहुधा पंखा. इथे थोडे गणित कामाला येते. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा वाटतो. उलट, दोन सारख्या पंख्यांपैकी एक बंद केला तर जेमतेम ३ डेसिबल कमी होतात. म्हणून पंखा काढू नका, हळू करा. छोटा पंखा जोरात फिरवण्यापेक्षा १२० किंवा १४० मिलिमीटरचा मोठा पंखा संथ फिरवणे केव्हाही बरे.

साध्या मदरबोर्डवर घरी जुळवलेल्या सर्व्हरमध्ये एक फसगत होते. पंखा बहुधा प्रोसेसरचे तापमान बघून चालतो. फाइल साठवताना प्रोसेसर निवांत, थंड, पंखा मंद, आणि डिस्क मात्र भाजत असतात. सेटिंगमध्ये पंखा डिस्कच्या तापमानाशी जोडता येत असेल तर जोडा. नाहीतर त्याचा किमान वेग थोडा वर ठेवा.

डिस्क ३० ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये असल्या की निर्धास्त राहा. सतत ५० च्या वर जात असतील तर आम्हाला कळवा. अनेक डिस्कची उत्पादकाने दिलेली कमाल मर्यादा ६० किंवा ६५ असते. पण ४० चे ३२ करण्यासाठी पंखा बोंबलत ठेवू नका. गूगलने २००७ मध्ये आपल्या १ लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. मध्यम तापमानात डिस्क थोडी गरम असल्याने ती लवकर बिघडते, असे त्यात दिसले नाही.

रात्रीची खडखड

महिन्यातून एकदाच, मध्यरात्रीनंतर, तासन् तास खडखड होत असेल तर ती डिस्कची ठरलेली तपासणी आहे. अनेक प्रणालींत ती रविवारी पहाटेची लावलेली असते. वेळ बदलून दुपारची करा, तपासणी बंद मात्र करू नका.

वापर नसताना डिस्क झोपवता येतात. मग आवाजही थांबतो, उष्णताही घटते. किती वेळ वापर नसला की झोपवायच्या, ती मुदत २० ते ३० मिनिटांपेक्षा कमी ठेवू नका, कारण दर वेळी पुन्हा फिरायला लागताना डिस्कवर ताण येतो. सर्व्हरला कॅमेरे जोडलेले असतील तर हा नाद सोडाच. चित्रण सतत साठत राहते, डिस्क झोपणारच नाहीत.

काही मोठ्या क्षमतेच्या डिस्क दर ५ सेकंदांनी हलकेच 'टक्' करतात, ते नैसर्गिक आहे. पण ठक्-ठक् होऊन डिस्क थांबत असेल, पुन्हा सुरू होत असेल, तर सर्व्हर लगेच बंद करा आणि आम्हाला विचारल्याशिवाय चालू करू नका.

जाळीवरची धूळ दोन-तीन महिन्यांनी काढा. सर्व्हर बंद करून, आणि हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून.

इतके करूनही आवाज राहिला तर डिस्कची तापमाने, पंख्याचा वेग आणि अर्ध्या मिनिटाचे रेकॉर्डिंग पाठवा. रेकॉर्डिंग करताना मोबाइल हातात धरा. सर्व्हरवर ठेवलात तर आम्हाला मोबाइलचीच थरथर ऐकू येते.